रूपांतर नेमके कुठे होते?

होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न वॅटचा विचारतो आणि दुसरा किती स्पीकर जोडता येतील याचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत काय, काउंटरवरचे बोलणे बहुधा या दोन प्रश्नांतच आटोपते. खोके घरी येते, वायरी जोडल्या जातात, आवाज येतो. शंका नंतर सुरू होतात. ‘प्युअर डायरेक्ट’चे बटण दाबले की सबवूफर गप्प का होतो? हॉलमध्ये उत्तम वाजणारी गोष्ट बेडरूममधल्या स्पीकरवर पाठवायला गेले तर तिथे शांतता का? एकच सीडी प्लेअर लाल-पांढऱ्या पिनांनी जोडला तर एक आवाज आणि ऑप्टिकल वायरीने जोडला तर थोडा निराळा, असे का? जुनी नाट्यपदे लावली की सगळा आवाज मधल्या एकट्या स्पीकरमधून का येतो?

या शंका वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते उलगडून दाखवणे एवढाच या पुस्तकाचा उद्देश आहे. रिसीव्हर म्हणजे एका पेटीत बसवलेली दोन भिन्न जातींची यंत्रे. एक व्होल्टेज वाढवणारे, दुसरे आकडेमोड करणारे. बाहेरून आलेला सिग्नल या दोघांपैकी कोणाच्या हाती पडतो, एकाकडून दुसऱ्याकडे कुठल्या जागी सोपवला जातो, आणि पुढच्या पॅनेलवरचे कोणते बटण ती जागा हलवते, हे ज्याला कळले त्याला आपल्या रिसीव्हरचे वागणे आधीच सांगता येते. वॅटचा आकडा त्या मानाने फार कमी सांगतो.

अ‍ॅनालॉग सिग्नल म्हणजे व्होल्टेज. हवेचा दाब जसा चढतो-उतरतो तसे तारेतले व्होल्टेज चढते-उतरते. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. सीडी प्लेअरच्या पिनांवर पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट असतात. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे, तर त्याच्या टोकांवर २८ व्होल्टच्या आसपास लागतात. म्हणजे रेकॉर्डच्या खाचेपासून स्पीकरपर्यंत व्होल्टेज काही हजार पटींनी वाढवावे लागते, आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याला जे काही चिकटेल, मग ती घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण असो की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचा उपद्रव, ते तितकेच वाढते. फोनो इनपुटला तर नुसते वाढवूनही भागत नाही. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्राप्रमाणे रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरचा भाग उचललेला असतो. वाजवताना २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल वर आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढेच खाली, असा उलटा हिशेब करावा लागतो. टर्नटेबल साध्या ‘ऑक्स’मध्ये खोचल्यावर आवाज क्षीण आणि खर्जावाचून येतो तो यामुळे.

डिजिटल सिग्नल म्हणजे आकड्यांची रांग. सीडीसाठी व्होल्टेज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजले जाते, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, आणि डावा-उजवा मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात.

इथे एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केला पाहिजे, कारण तो मनात राहिला तर पुढचे सगळे तिरपे दिसते. जाहिरातींत आणि लेखांत डिजिटल ध्वनीचे चित्र पायऱ्यापायऱ्यांचे काढतात. दोन मोजमापांच्या मधले जे होते ते कायमचे गेले, असे त्यावरून वाटते. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेले गणित तसे म्हणत नाही. मूळ सिग्नलमधली सर्वांत उंच कंप्रता मोजमापांच्या दराच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या मोजमापांतून जाऊ शकणारी लाट एकच असते. दुसरी कुठलीही त्यात बसत नाही. सीडीसाठी ही मर्यादा २२,०५० हर्ट्झ आहे, आणि माणसाचा कान तरुणपणीही फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत पोहोचतो. आकड्यांचे व्होल्टेज करणाऱ्या चिपच्या अखेरीस असलेला फिल्टर ती एकमेव लाट पुन्हा उभी करतो. पिनेवर ऑसिलोस्कोप लावला तर तिथे गुळगुळीत वळण दिसते, पायऱ्या दिसत नाहीत. १६ बिटांच्या मर्यादेचा परिणाम होतो, नाही असे नाही. पण तो सर्वांत मोठ्या आवाजाच्या सुमारे ९६ डेसिबल खाली, तळाशी असलेल्या मंद खरखरीच्या रूपात. तानपुऱ्याची जवारी किंवा तबल्याच्या चाटेवरचा तीक्ष्ण आघात मोजमापांच्या फटीत पडून हरवत नाही. तो हरवलाच तर बहुधा मायक्रोफोनच्या जागेमुळे, किंवा ऐकणाऱ्याच्या खोलीत.

म्हणून अ‍ॅनालॉग चांगले की डिजिटल, या वादाला मी या पुस्तकात जागा दिलेली नाही. रिसीव्हरपुरता उपयोगाचा प्रश्न असा की त्या त्या रूपातल्या सिग्नलचे काय करता येते. व्होल्टेज वाढवता येते, कमी करता येते, दोन व्होल्टेजांची बेरीज-वजाबाकी करता येते, खर्ज आणि तार यांचा तोल ढोबळमानाने बदलता येतो. ते थांबवून ठेवणे मात्र महाकठीण. आकडा स्मृतीत ठेवता येतो, हव्या त्या क्षणी बाहेर काढता येतो, इतर हजारो आकड्यांशी गुणून फिल्टर बनवता येतो. होम थिएटरची जवळजवळ सगळी करामत या थांबवून ठेवण्यावर उभी आहे.

सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेअर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हा घरोघरचे अ‍ॅम्प्लिफायर होते तसेच चालले. आकड्यांचे व्होल्टेज प्लेअरच्या पोटातच होत होते आणि बाहेर नेहमीच्या दोन पिना येत होत्या. अ‍ॅम्प्लिफायरला आकड्यांचा पत्ताही नव्हता. त्याच वर्षी घरगुती डॉल्बी सराउंड आले, आणि तेही संपूर्णपणे व्होल्टेजच्या बेरीज-वजाबाकीवर चालणारे होते. चित्रपटगृहांतल्या डॉल्बी स्टिरिओत डावा, उजवा, मधला आणि मागचा असे चार आवाज दोन तारांत गुंफलेले असत. मधला आवाज दोन्ही तारांत ३ डेसिबल कमी करून सारखा मिसळायचा; मागचाही दोन्हींत मिसळायचा, पण एकमेकांच्या विरुद्ध कलेत. घरातल्या डिकोडरने दोन्ही तारांची वजाबाकी केली की मागचा आवाज वेगळा होतो. बेरजेतून मधला मिळतो. १९८७ च्या प्रो लॉजिकने यात मधल्या स्पीकरची आणि त्या त्या क्षणी कोणत्या दिशेचा आवाज प्रबळ आहे ते ओळखून त्या बाजूला झुकण्याची भर घातली. मागच्या आवाजाला मुद्दाम काही मिलिसेकंद उशीर लावत आणि तो ७ किलोहर्ट्झच्या वर कापत, म्हणजे पुढचे संवाद चुकून मागून ऐकू येऊ नयेत.

जुन्या नाट्यपदांचे कोडे या बेरीज-वजाबाकीत सुटते. ७८ आरपीएमच्या काळातले ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे डावी आणि उजवी तार तंतोतंत सारखी. त्यांची वजाबाकी शून्य आणि बेरीज सर्वकाही. प्रो लॉजिकसारखा मोड चालू राहिला तर डिकोडर इमानाने आपले काम करतो आणि गायकाला मधल्या स्पीकरमध्ये नेऊन बसवतो. मोनो एलपी स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवली तर आणखी एक गोष्ट घडते. मोनो खाचेत संगीत सुईच्या आडव्या हालचालीत असते, ती दोन्ही तारांची बेरीज. धुळीचा कण सुईला वरखालीही उडवतो, आणि ती वरखाली हालचाल म्हणजे नेमकी दोन्ही तारांची वजाबाकी. त्यामुळे गायक पुढे मध्यभागी आणि धूळ मागच्या स्पीकरांत, अशी फाळणी होते. ज्याच्या घरी वडिलांनी जमवलेल्या रेकॉर्ड आहेत त्याने हे एकदा करून पाहावे. मॅट्रिक्स डिकोडर काय करतो हे याहून स्वच्छ दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही. ऐकण्यासाठी मात्र साधा स्टिरिओ मोडच लावावा, किंवा रिसीव्हरमध्ये मोनोचे बटण असेल तर ते. मोनोत दोन्ही तारांची बेरीज होते आणि वरखाली उडणाऱ्या सुईची बरीचशी खरखर आपोआप वजा होते.

घरातल्या साखळीत आकडेमोड आली ती डिजिटल वायरीने येण्याआधीच. १९८६ मध्ये यामाहाने डीएसपी-१ नावाचा प्रोसेसर काढला. तो नेहमीचा अ‍ॅनालॉग सिग्नल घ्यायचा, आत त्याचे आकडे करायचा, प्रत्यक्ष सभागृहांत मोजलेल्या ध्वनिपरावर्तनांप्रमाणे त्यांना उशीर लावून इतर स्पीकरांकडे पाठवायचा आणि बाहेर पुन्हा व्होल्टेज द्यायचा. आजच्या प्रत्येक रिसीव्हरचा सांगाडा हाच आहे. व्होल्टेज आत येते, त्याचे आकडे होतात, आकड्यांवर काम होते, आकड्यांचे पुन्हा व्होल्टेज होते.

आकडे थेट आत घेण्याची वायर सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवली होती, आणि तिचे एस/पीडीआयएफ हे नाव त्या दोन कंपन्यांवरूनच पडले. एकच भाषा, दोन वायरी. एक कोअ‍ॅक्सियल, ७५ ओहमची, जिच्यातून विजेचे स्पंद जातात. आणि दुसरी तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक, म्हणजे प्लॅस्टिकच्या तंतूतून जाणारा लाल प्रकाश, जिला आपण ऑप्टिकल म्हणतो. दोन्हींतून तेच आकडे जातात. कोअ‍ॅक्सियलसाठी खास महागडी वायर लागत नाही. व्हिडिओची जुनी पिवळ्या पिनेची वायरही ७५ ओहमचीच असते आणि कमी अंतरावर बिनतक्रार चालते. ऑप्टिकलचा खरा फायदा आपल्याकडे वेगळ्या ठिकाणी आहे. केबल टीव्हीची कोअ‍ॅक्सियल तार इमारतीच्या गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीवरून येते, तिचे अर्थिंग आणि आपल्या घरातल्या प्लगचे अर्थिंग यांत फरक असतो, आणि सेट टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या पिनांनी रिसीव्हरला जोडला की ती तफावत गुणगुण होऊन स्पीकरमधून ऐकू येते. ऑप्टिकल तंतूतून वीज वाहतच नसल्याने त्या जोडणीपुरते ते वर्तुळ तुटते. अशा घरात ऑप्टिकल वायर लावल्यावर मिळणारी शांतता ऐकून लोक डिजिटलचा दर्जा वाखाणतात, पण तिथे उपाय ठरला तो विजेचा मार्ग तुटणे.

या वायरीची एक अडचणही आहे. आकड्यांबरोबर घड्याळाचा ठेकाही तिच्यातूनच येतो, वेगळ्या तारेतून नाही. रिसीव्हरला येणाऱ्या स्पंदांतूनच ताल ओळखून आपले घड्याळ त्याच्याशी जुळवावे लागते. त्या जुळवणीत क्षणाच्या अगदी सूक्ष्म अंशाची जी डळमळ राहते तिला जिटर म्हणतात. तिच्याबद्दल फार लिहिले गेले आहे. माझ्या मते नीट बनवलेल्या रिसीव्हरमध्ये ती ऐकू येण्याच्या बरीच खाली असते, आणि तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वायरींवर पैसे घालण्याआधी खोलीत जाड पडदे लावणे शहाणपणाचे.

१९९५ मध्ये लेझरडिस्कवर डॉल्बी डिजिटल आले तेव्हा एक विलक्षण तडजोड झाली. डिस्कवर नव्या सहा चॅनेलांसाठी जागाच नव्हती. म्हणून उजव्या अ‍ॅनालॉग चॅनेलच्या जागी आकड्यांनी भारलेली रेडिओ लहर कोरली गेली, आणि प्लेअरमधून ती वेगळ्या सॉकेटने बाहेर काढून तिच्यातून आकडे सोडवणारा डिमॉड्युलेटर जोडावा लागे. अ‍ॅनालॉगच्या खोलीत डिजिटल बिऱ्हाड! जपानमध्ये १९९६ च्या नोव्हेंबरात डीव्हीडी आली आणि हा खटाटोप संपला. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलचे सहा चॅनेल सेकंदाला जास्तीत जास्त ४,४८,००० बिटांत बसवतात, म्हणजे सीडीच्या दोन चॅनेलांना लागतात त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. कानाला न जाणवणारा भाग टाकून देऊनच हे साधते.

एस/पीडीआयएफ बेतली होती दोन चॅनेलांच्या साध्या आकड्यांसाठी, ज्याला पीसीएम म्हणतात. आता त्याच वायरीतून हे दाबून बांधलेले गठ्ठे जाऊ लागले. प्रवाशांसाठी असलेल्या एसटीतून टपावरचे पार्सल जावे, तसे. गाडी तीच, वेळापत्रक तेच, पण उतरवून घेणाऱ्याला ते पार्सल आहे हे कळले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक गठ्ठ्याच्या सुरुवातीला ओळखीची खूण असते. रिसीव्हर ती शोधतो, मग योग्य डिकोडर लावतो. गाण्याचा पहिला क्षण कधीकधी गिळला जातो आणि आत रिलेचा टक् आवाज येतो तो या शोधात. खूण ओळखता आली नाही तर काय होते, हे नव्वदीच्या दशकात निघालेल्या डीटीएस सीडींनी दाखवून दिले. त्या साध्या प्लेअरमध्ये घालून लाल-पांढऱ्या पिनांवर ऐकल्या तर संगीताऐवजी नुसता प्रचंड खरखराट येतो, कारण बांधलेले गठ्ठे प्लेअर साधे आकडे समजून सरळ व्होल्टेजमध्ये बदलतो. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ‘पीसीएम’, ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डीटीएस’ अशी जी अक्षरे उमटतात ती सजावटीची नाहीत. आत नेमके काय आले आणि ते कोणी उलगडले, याची ती नोंद आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर राहिला असेल तर पाच चॅनेलांचा चित्रपट टीव्हीतच उलगडून दोन चॅनेलांत आटतो, आणि रिसीव्हरला दोष देण्यात काही अर्थ उरत नाही.

आता पेटीच्या आत जाऊ. डिजिटल वायरीने आलेले आकडे सरळ प्रोसेसरकडे जातात. लाल-पांढऱ्या पिनांवरून आलेले व्होल्टेज आधी अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एडीसीत, जाऊन आकड्यांचे रूप घेते आणि मग प्रोसेसरकडे जाते. तिथे डिकोडिंग होते, छोट्या स्पीकरांना न झेपणारा खर्ज सबवूफरकडे वळवला जातो (बहुतेक घरांत ८० हर्ट्झची सीमा चांगली चालते), प्रत्येक स्पीकरला त्याच्या अंतराप्रमाणे उशीर लागतो, खोलीची सुधारणा होते. मग प्रत्येक चॅनेलसाठी डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे डीएसी. त्यानंतर आवाज कमी-जास्त करणारी चिप, आणि शेवटी पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. म्हणजे एखाद्या सीडी प्लेअरला दोन पिनांनी जोडले तर आकड्यांचे व्होल्टेज प्लेअरमध्ये, व्होल्टेजचे पुन्हा आकडे रिसीव्हरमध्ये आणि त्यांचे पुन्हा व्होल्टेज, अशी तीन रूपांतरे होतात. ऑप्टिकलने जोडले तर एकच. दोन जोडण्यांतला फरक शोधायचा तो इथे. तो नेहमी ऐकू येईलच असे नाही. बऱ्याचदा जाणवतो तो दोन वाटांनी येणाऱ्या पातळीतला फरक, आणि थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. तुलना करायची तर आधी पातळी जुळवून घ्यावी. एडीसीबाबत मात्र एक खरी काळजी आहे. काही प्लेअर २ व्होल्टपेक्षा जास्त देतात, आणि तेवढे व्होल्टेज एडीसीच्या मोजपट्टीच्या बाहेर गेले की माथा सपाट कापला जातो. वाद्यमेळ चढला की आवाज फाटतो, पण व्हॉल्यूम कमी करूनही फाटलेलाच राहतो, ही त्याची खूण. काही रिसीव्हरमध्ये यासाठी इनपुट अ‍ॅटेन्युएटर दिलेला असतो.

‘प्युअर डायरेक्ट’सारखे बटण दाबले की अ‍ॅनालॉग सिग्नल हा सगळा वळसा टाळून सरळ व्हॉल्यूम चिपकडे आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. सबवूफर गप्प होतो, कारण खर्ज वेगळा काढणारा प्रोसेसर वाटेतून उठला. खोलीची सुधारणा, स्पीकरांची अंतरे, ओठांशी आवाज जुळवणारा उशीर, सगळे एकदम नाहीसे होते. मोठे, पूर्ण खर्ज देणारे दोन स्पीकर आणि बऱ्यापैकी शांत, भरलेली खोली असेल तर एलपी ऐकायला हा मार्ग सुंदर आहे, आणि तो वापरणाऱ्यांना मी कधी अडवणार नाही. पण आपल्या शहरी घरांत बहुधा वेगळे चित्र असते. फरशीची जमीन, उघड्या भिंती, आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे मागचे स्पीकर कानापासून हातभर आणि पुढचे तीन मीटरवर. ध्वनीला एक मीटर कापायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. दोन-अडीच मीटरच्या फरकाने मागचा आवाज ६-७ मिलिसेकंद आधी कानावर येतो आणि सगळा पट मागे ओढला जातो. भिंतींमुळे खर्जातले काही सूर घुमतात आणि काही जागच्या जागी मरतात. ऑडिसी, यामाहाची वायपीएओ, पायोनियरची एमसीएसीसी, डिराक या पद्धती मायक्रोफोनने हे मोजून प्रोसेसरमध्ये त्याची भरपाई करतात. चांगल्या एडीसीने सिग्नलचे जेवढे नुकसान होते त्याच्या कितीतरी पट नुकसान अशी खोली करते. म्हणून बहुतेक घरांत अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे होऊ द्यावेत आणि सुधारणा चालू ठेवावी, असेच मी आग्रहाने सांगतो.

बेडरूमचे कोडेही इथेच सुटते. दुसऱ्या खोलीसाठीच्या ‘झोन टू’ला स्वतःचे डीएसी लागतात, आणि जुन्या व स्वस्त रिसीव्हरमध्ये ते नसतात. मुख्य खोलीचे डीएसी मुख्य खोलीच्या कामात गुंतलेले. त्यामुळे झोन टूला फक्त तेच मिळते जे मुळात व्होल्टेज म्हणूनच आत आले. टेप डेकसाठीच्या ‘रेक आउट’ पिनांचेही तसेच. उपाय साधा आहे: ज्या उपकरणाचा आवाज दुसऱ्या खोलीत हवा, त्याला डिजिटल वायरीबरोबर लाल-पांढरी वायरही जोडावी.

१९९९ मध्ये एसएसीडी आणि २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आल्या तेव्हा तंत्र काही काळ मागे सरकल्यासारखे झाले. या तबकड्यांतला उंच दर्जाचा बहुचॅनेल आवाज एस/पीडीआयएफमध्ये मावत नव्हता, आणि नकलांच्या भीतीने तो उघड्या डिजिटल वायरीने बाहेर द्यायला कंपन्याही तयार नव्हत्या. मग प्लेअरमध्येच रूपांतर करून सहा वेगळ्या अ‍ॅनालॉग वायरी रिसीव्हरच्या मल्टिचॅनेल इनपुटला जोडायच्या. बहुतेक रिसीव्हर हे इनपुट प्रोसेसरला वळसा घालून नेतात. खर्जाची वाटणी आणि अंतरांचे उशीर प्लेअरच्या मेनूत जमले तर जमले. खर्जाच्या खास चॅनेलला द्यायची १० डेसिबलची वाढही कधी प्लेअर देतो, कधी रिसीव्हर, आणि कधी कोणीच नाही. सहा वायरी जोडूनही खर्ज बारीक येतो त्याचे कारण बहुधा हेच.

एचडीएमआयने हा गुंता हळूहळू सोडवला. डिसेंबर २००२ च्या पहिल्या आवृत्तीतच आठ चॅनेलांच्या पीसीएमची सोय होती, पण सुरुवातीच्या अनेक रिसीव्हरनी एचडीएमआय नुसती चित्राची अदलाबदल करण्यापुरतीच वापरली. आवाज आत घेतलाच नाही. २००६ मध्ये ब्लू-रे आणि एचडीएमआय १.३ आले, आणि डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे काहीही न टाकता बांधलेले प्रवाह रिसीव्हरपर्यंत पोहोचू लागले. २००९ मध्ये एआरसीमुळे टीव्हीतला आवाज त्याच वायरीने उलट परत येऊ लागला, पण त्याची झेप साधारण जुन्या ऑप्टिकलएवढीच होती. ती वाढवली २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधल्या ईएआरसीने. घरगुती डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१४ मध्ये आले, आणि त्यात रिसीव्हरचे काम आणखी बदलले: कुठला आवाज कुठल्या स्पीकरचा हे काही अंशी आधी ठरलेलेच नसते; आवाजाबरोबर त्याची जागा आकड्यांत येते, आणि तुमच्या खोलीत जे स्पीकर आहेत त्यांवर तो कसा वाटायचा ते रिसीव्हर त्या क्षणी ठरवतो. व्होल्टेजच्या रूपात हे करणे केवळ अशक्य.

या वाटचालीत अ‍ॅनालॉगची दारे कमी होत गेली आहेत. मल्टिचॅनेल इनपुट बऱ्याच नव्या रिसीव्हरमधून गायब झाले, आणि मागच्या पॅनेलवर लाल-पांढऱ्या जोड्या दोन-तीनच उरतात. ज्यांच्याकडे रेकॉर्ड, कॅसेट आणि जुने एसएसीडी प्लेअर आहेत त्यांनी खरेदीआधी हे पॅनेल डोळ्यांनी पाहावे. रूपांतर करणाऱ्या चिपही मोजक्या कंपन्या बनवतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली तेव्हा ध्वनिउपकरणे बनवणाऱ्या काही कंपन्यांना बोर्डांची रचनाच बदलून दुसऱ्यांच्या चिप बसवाव्या लागल्या.

आपल्या रिसीव्हरचा ‘डायरेक्ट’ खरोखर आकड्यांशिवाय चालतो का, हे टर्नटेबलवाल्यांना घरी तपासता येते. मेनूतला ऑडिओ डिले शक्य तितका वाढवावा, आवाज अगदी बारीक ठेवावा आणि कान रेकॉर्डजवळ न्यावा. खाचेतून जाणाऱ्या सुईचा स्वतःचा बारीक आवाज ऐकू येतो. स्पीकरमधला आवाज त्याच्या मागून उशिरा आला, तर सिग्नल आकड्यांच्या वाटेने गेला हे नक्की. उशीर जाणवला नाही तर मात्र एवढ्यावर निर्णय देऊ नये, कारण त्या मोडमध्ये डिले बंद ठेवलेला असू शकतो. अशा वेळी सर्व्हिस मॅन्युअलमधला ब्लॉक डायग्राम उघडावा आणि पिनेपासून निघालेल्या रेषेवर बोट ठेवून एडीसीचा चौकोन वाटेत लागतो का ते पाहावे. तो नकाशा वाचायचा कसा, हे पहिल्या प्रकरणात दिले आहे.